न पाळता चिलापी कशी पाळावी

ही मार्गदर्शिका गेवराई तालुक्यातल्या नवशिक्या मत्स्यपालकांसाठी आहे. ज्याच्याकडं शेततळं आहे, हौद आहे, विहीर आहे, निदान जेसीबीनं मुरूम उचलून नेल्यावर मागं राहिलेला खड्डा आहे, असा कुणीही पात्र आहे. पूर्वानुभवाची अट नाही. पूर्वानुभव असलेला माणूस या धंद्यात पुन्हा पडत नाही, म्हणून ती ठेवलेली नाही.

मत्स्यपालनाची पुस्तकं बाजारात मिळतात. मी तीन आणली. रोहूला काय घालावं, कटला किती दिवसांत किलोचा होतो, चुना कधी टाकावा, सगळं त्यांत आहे. चिलापी मात्र शेवटी येते, नको असलेल्या माशांच्या यादीत, बेडूक आणि पाणसापाच्या शेजारी. आमच्या शिवारात ज्यांनी ज्यांनी हौसेनं तळी केली, त्यांच्या जाळ्यात शेवटी आली ती चिलापीच. तिच्यावर एकही सरळ पुस्तक नसावं, हे बरं दिसत नाही. म्हणून हा उद्योग.

साहित्य

एक शेततळं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल हे त्यातलं सगळ्यांत मोठं माप होतं. आमचं त्याहून लहान आहे, कारण मोजणीच्या दिवशी चुलते बांधावर येऊन उभे राहिले.

तळ्याला कागद लागतो. कागद म्हणजे जाड काळं प्लास्टिक. मुरमाड जमिनीत पाणी जिरू नये म्हणून ते अंथरतात. सरकारी भाषेत त्याला अस्तरीकरण म्हणतात, पण दुकानात जाऊन अस्तरीकरण मागितलंत तर काउंटरवरचं पोरगं मालकाला हाक मारतं. कागद मागा.

तळं मोसंबीसाठी आहे, असं घरी सांगत राहा. ते खरंही आहे. उन्हाळ्यात झाडं जगवायची म्हणून तळं, आणि पाणी आहेच तर त्यात चार मासे, एवढाच तो विचार असतो. आमच्या आईच्या गळ्यात माळ आहे. मासा हा शब्द तिच्यासमोर काढायचा नाही. ‘पाण्यातलं पीक’ म्हणायचं. तिला सगळं कळतं. पण शब्द काढला नाही, एवढ्यावर ती समाधान मानते.

कृती

पायरी पहिली. रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली विकत आणा.

चिलापी पाळायची तर रोहू कशाला, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. पडू द्या.

हे तिन्ही मासे म्हणजे एका वाड्यातले तीन भाडेकरू. कटला वरच्या मजल्यावर, त्याचं तोंडही वर वळलेलं. रोहू मधल्या मजल्यावर. मृगळ तळमजल्याला, गाळातलं वेचून खाणारा. तीन चुली, तीन वाटा, भांडण नाही. पुस्तकात हे वाचताना इतकं गोड वाटतं की आपल्या घरी भावाभावांत असं का झालं नाही, असा विचार मनात येऊन जातो.

शिवाय तिघंही खानदानी. नदीला पूर यावा, पाणी वाहतं व्हावं, आभाळ भरून यावं, मग त्यांचं मन होणार. साचलेल्या तळ्यात वर्षानुवर्षं ठेवा, पाळणा हलायचा नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना प्रजननाला तयार करून दाखवलं. त्यामुळं आज आपल्याला बीज विकत मिळतं, आणि म्हणून १० जुलै हा देशभर मत्स्यशेतकरी दिवस असतो. म्हणजे रोहूचा संसार लावायचा तर शास्त्रज्ञ हवा, इंजेक्शन हवं, पाऊस हवा. हे ध्यानात ठेवा, पुढं तुलनेला लागेल.

बोटुकली प्लास्टिकच्या पिशवीत येते. निम्मं पाणी, निम्मा ऑक्सिजन, वर रबर. आणल्या आणल्या सोडायची नाही. पिशवी अर्धा तास तळ्यात तशीच तरंगू द्यायची, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारख्या तापमानाला येतं. मी हे सगळं केलं. मोजून केलं.

पायरी दुसरी. तीन महिने खाद्य घाला. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड सम प्रमाणात. आपल्याकडं भात पिकत नाही, त्यामुळं कोंडाही विकत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात टाका. मासे वेळ ओळखतात. पाण्यावर गोल गोल उठायला लागलं की छाती भरून येते.

पायरी तिसरी. चौथ्या महिन्यात फेकजाळं टाका आणि चिलापी काढा.

कृती संपली.

चिलापी आली कुठून

नवशिक्यांचा हा पहिला प्रश्न, आणि पहिली चिलापी हातात आली तेव्हा माझाही होता. जाळं टाकायला गोदाकाठचे एक म्हातारे भोई आले होते. त्यांना सगळे मामा म्हणतात. मी विचारलं, “मामा, ही कुणी सोडली?”

“सोडावी लागती व्हय, गुरुजी?” मामा जाळ्यातून एकेक सोडवीत म्हणाले. “ती काय नवरी हाय, वरात घेऊन यायला? आलीच की.”

शास्त्रीय मनाला हे उत्तर पुरत नाही. म्हणून चार मतं देतो.

पहिलं मत कालव्याचं. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं आणि त्याचा उजवा कालवा पैठणहून निघून आपल्या तालुक्यातून माजलगावकडं जातो. नाथसागरात चिलापी उदंड. पाळीचं पाणी सुटलं की आपण मोटार लावून तळं भरतो, आणि पाण्याबरोबर सुईएवढं पिल्लू आलं तर ते काय मीटरवर दिसतं? मला हे मत पटतं.

दुसरं मत बगळ्याचं. बगळ्याच्या पायाला अंडी चिकटतात आणि तो ती दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो, असं आमचे आबा छातीठोक सांगतात. इतर माशांचं मी सांगत नाही, पण चिलापीच्या बाबतीत हे बसत नाही. का ते पुढं येईल.

तिसरं मत पिशवीचं. रोहूची म्हणून दिलेल्या बोटुकलीत चारदोन चिलापी मिसळलेल्या असतात. बोटाएवढ्या वयात सगळेच मासे निष्पाप दिसतात.

चौथं मत आमच्या धाकट्याचं. ते मत नाही, कबुली आहे. त्यानं कालव्यावरून बाटलीत दोन ‘गप्पी’ आणले होते. डासांच्या अळ्या खायला हौदात गप्पी मासे सोडा, असं शाळेत शिकवलेलं. शिकवणारा मीच.

ओळख

आता ते गप्पी नव्हते हे कसं ओळखायचं. चिलापी सिक्लिड कुळातली. या कुळात दीड हजारावर जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत. शहरातल्या काचेच्या टाक्यांतले ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हेही याच भावकीतले. फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरच्या टेंगळाला लोक भाग्याचं लक्षण मानतात आणि त्यावर हजारो रुपये घालतात. चिलापीला टेंगूळ नाही, म्हणून ती पाटीत विकली जाते.

पाठीवरचा पर लांब, आणि त्याचा पुढचा भाग काट्यांचा. हे काटे म्हणजे नवशिक्याचं पहिलं शिक्षण. मासा उचलताना डोक्याकडून मागं हात फिरवत पर दाबून धरायचा. शेपटीकडून धरलात तर तळहातावर बोरीच्या काट्यासारखी रांग उठते. अंगावरची कडेची रेघ मध्येच तुटते आणि थोडी खाली येऊन पुन्हा सुरू होते, जशी सातबाऱ्यावरची हद्द. रोहूला एका बाजूला दोन नाकपुड्या असतात, चिलापीला एकच. तोंडात एक जबडा आणि घशात आणखी एक, चावायला वेगळा. धरायचं पुढच्यानं, चिरडायचं मागच्यानं. दोन तोंडं असलेली माणसं आपण पाहिलेली असतात. मासा पाहिला नसतो.

भारताच्या मूळच्या सिक्लिड फक्त तीन. त्यांतली गोव्यात आणि तळकोकणात मिळणारी कालुंदर खाणाऱ्यांना ठाऊक असते; खाडीच्या मचूळ पाण्यातली, मानाची. तिची चिलापीशी सोयरीक लावू नये. कोकणी माणूस रागावतो.

वंशावळ

‘चिलापी’ हा आपण बिघडवलेला शब्द आहे, असं इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना वाटतं. ती तुम्हाला ‘तिलापिया’ म्हणा, असं सुधारून सांगतात. त्यांना सांगा की दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांत माशाला ‘त्लापी’सारखा शब्द आहे, त्याचं लॅटिन शेपूट लावून तिलापिया झालं. आता त्लापीच्या जवळ कोण, पुस्तक की गेवराईचा बाजार?

आपल्या तळ्यात येते ती मूळची मोझांबिकची. १८५२ साली विल्हेल्म पेटर्स या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानं तिचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढं १९३० च्या दशकाच्या शेवटी ती जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडली. आफ्रिकेचा मासा समुद्र ओलांडून तिथं कसा पोचला, हे कुणाला कळलं नाही. मामा तिथं असते तर “आलीच की” म्हणाले असते. ज्या गृहस्थाला ती सापडली त्याचं नाव मुजाइर. इंडोनेशियात आजही तिला मुजाइरच म्हणतात. म्हणजे माणूस माशाला पाळायला गेला आणि माशानं माणसाचं नाव घेतलं.

भारतात ती १९५२ साली आणली गेली, पेटर्सच्या वर्णनाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर. हेतू चांगला होता. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, जो काहीही खातो, कशाही पाण्यात जगतो, लवकर वाढतो. सातच वर्षांनी, १९५९ मध्ये, देशाच्या मत्स्यसंशोधन समितीनं हिचा प्रसार करू नका असं सांगितलं. कारण? ती काहीही खाते, कशाही पाण्यात जगते आणि लवकर वाढते. चिलापीपर्यंत तो आदेश पोचला नसावा.

तळमजला

चिलापी खायला तळ्यात सगळीकडं फिरते. शेवाळ, अळ्या, कोंडा, रोहूसाठी टाकलेली पेंड, पुढं रोहूची बोटुकलीसुद्धा, तिला काहीच वर्ज्य नाही. पण तिचा खरा संसार तळाशी. ज्यांना काठावर बसून हे बघायचंय, त्यांनी फाल्गुन-चैत्रात, पाणी उतरून नितळ झाल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास बसावं. सावली पाण्यावर पडू देऊ नये.

एरवी राखाडी असणारा नर त्या दिवसांत काळाठिक्कर पडतो. गळा पांढरा, परांच्या कडा लाल. तो तळाची एक जागा धरतो आणि तोंडानं गाळ उचलून बाहेर टाकायला लागतो. एक घास उचलायचा, हातभर लांब जायचं, थुंकायचा, परत. शंभरदा, दोनशेदा. हळूहळू गोल खड्डा होतो, भाकरीच्या परातीएवढा. कड इतकी नेटकी की कुंभाराला दाखवावी.

गोदाकाठच्या माणसाला हे बघून काही तरी आठवणारच. आपल्याकडं वाळू म्हणजे सोनं. राक्षसभुवनच्या बाजूला रात्री नदीत काय चालतं, केनी कशी लागते, हायवा कुठून जातो, हे पेपरात येतच असतं. चिलापीचा नरही उपसाच करतो, विनापरवाना, विनारॉयल्टी, भर दिवसा. फरक इतकाच की त्याच्या खड्ड्यात कुणाचं पोर बुडत नाही, आणि उपसलेला माल हातभर अंतराच्या पलीकडं जात नाही. पंचनामा करायचाच झाला तर सगळा मुद्देमाल जागेवर सापडेल.

एकाच्या शेजारी दुसरा नर खड्डा धरतो. मग हद्दीवरून भांडण. तोंडात तोंड घालून ढकलाढकली, शेपटीचे फटके. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ ला झाली. माधवरावांनी निजामाचं सैन्य तिथं मोडलं, आणि निकाल एका दिवसात लागला. नरांची ही लढाई होळीला सुरू होते आणि दिवाळीपर्यंत चालते. यातली एक गोष्ट शास्त्रज्ञांनी प्रयोगानं दाखवलीय, म्हणून लिहितो: वरचढ नर समोरच्याशी भिडताना थेंबाथेंबानं लघवी करतो, आणि तिच्या वासावरून दुसऱ्याला त्याचं वजन कळतं. भिंतीवर असं करू नका अशी सूचना लिहिलेल्या प्रत्येक भिंतीजवळ मला हे आठवतं.

आता बगळ्याचं मत खोटं का ते. मादी येते, खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. एकूण एक. नराचं काम तिथंच संपतं. तो पुढच्या मादीसाठी खड्डा साफ करायला लागतो. मादी मात्र तोंड मिटून बाजूला होते. तीन ते पाच दिवसांत तोंडातच पिल्लं फुटतात, आणि तरी ती सोडत नाही. जवळजवळ दोन आठवडे ती धड खात नाही. पोट खपाटीला, गळ्याची पिशवी फुगलेली. मग बगळ्याच्या पायाला चिकटायला अंडी उरतात कुठं? आबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग बगळ्यानं मादीच नेली असंल.”

नेहमीच्या तक्रारी

‘माझे रोहू वाढत नाहीत.’ वाढणार नाहीत. पेंड कोण खातंय ते बघा.

‘चिलापीही वाढत नाही, बोटभरच राहते.’ हे खरं आहे आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मोकळ्या पाण्यात ती वीतभराहून मोठी होते. दाटी झाली की वाढ थांबते, संसार थांबत नाही. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू, अंगठ्याहून थोडं मोठं, तेच अंडी घालायला लागतं. त्यांची पिल्लं आणखी दाटी करतात. वर्षाच्या शेवटी तळ्यात मासे मोजता येत नाहीत इतके, आणि विकण्याजोगा एक नाही. आमच्या मोसंबीची विरळणी केली नाही की फळं लिंबाएवढी राहतात, तसंच हे. फरक एवढाच की मोसंबीला हातानं विरळता येतं.

‘पहाटे मासे तोंड वर काढतात.’ हे सगळ्यांत आधी ऐका, बाकी मार्गदर्शिका नाही वाचली तरी चालेल. रात्री शेवाळसुद्धा ऑक्सिजन वापरतं, त्यामुळं पहाटे पाण्यात तो कमीत कमी असतो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे तर फारच. अशा वेळी मोटार लावून पाणी उंचावरून तळ्यातच सोडायचं, ते हवा घेऊन पडतं. आमच्याकडं त्या रात्री लाईट नव्हती. सकाळी अकराला आली. तोवर कटला सगळ्यांत आधी उलटा झाला, मग रोहू. पांढरी पोटं वाऱ्यानं एका कोपऱ्यात जमली. त्यांच्या खालून चिलापी तोंडानं वरचं पाणी चाळत आरामात फिरत होत्या. त्या दिवशी मी खाद्य टाकायला गेलो नाही. ठरलेल्या वेळी त्या ठरलेल्या कोपऱ्यात येऊन थांबल्या होत्या.

‘थंडीनं मरतील का?’ पाणी दहा अंशांच्या खाली गेलं तर मरतात. पौषात आपल्याकडं हवा कधी कधी तिथवर उतरते. पाणी उतरत नाही. पुढची तक्रार.

‘नुसते नर सोडले तर?’ हुशार आहात. हा मार्ग जगभर वापरतात. पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य दिलं की जवळजवळ सगळी नर होतात, मग संसारही नाही आणि दाटीही नाही. नाईल नदीच्या चिलापीची निवड करत करत फिलिपाइन्समध्ये १९८८ पासून ‘गिफ्ट’ नावाचं सुधारित वाण तयार झालं, तेही आता भारतात पाळतात. पण त्याला रीतसर परवानगी लागते, मान्यताप्राप्त ठिकाणचं बीज लागतं, मासा बाहेर जाणार नाही अशी जाळी लागते. आपली चिलापी परवानगीशिवाय आलेली आहे. तिला आता कागदपत्रं विचारायची म्हणजे अवघड.

खाणे

घरात नाही. परसात तीन विटा मांडायच्या, तुऱ्हाट्या पेटवायच्या. खवले उलट्या अंगानं काढायचे, पोट साफ करताना आतलं काळं पापुद्र्यासारखं आवरण खरवडून टाकायचं. कडूपणा त्यात असतो. तळ्याच्या माशाला गाळाचा वास येतो. काढल्यावर दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला तर बराच कमी होतो. एवढा धीर कुणाला नसतो, म्हणून लसूण आणि काळा मसाला वाढवतात. ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर, दोन्ही बाजूंनी कडक. लहान असेल तर काट्यासकट. आई त्या वेळेला ओट्यावर पाठ करून बसते आणि जप जरा मोठ्यानं करते. एकादशीला हा सगळा विभाग बंद.

चव? चांगली असते. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

निर्मूलन

दोन वर्षांनी प्रत्येक पालक इथं येतो. मीही आलो. मे महिना, मोसंबीनं पाणी ओढून घेतलेलं, कालव्याची पाळी संपलेली. तळ्यात गुडघाभर राहिलं, मग घोटाभर. मामांनी सांगितलं होतं, पुरतं वाळू द्या, महिनाभर ऊन खाऊ द्या, चुना मारा, मग पुन्हा भरा. पुस्तकातही तेच आहे.

शेवटचं पाणी उपसलं तेव्हा आम्ही सगळे काठावर होतो. इतक्या वर्षांत कागदावर बोटभर गाळ बसला होता. त्या राखाडी गाळात एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत गोल खड्डे, एकाला एक लागून, रांगेत. गाळ उपसता उपसता नर खालच्या कागदाला जाऊन भिडलेले. त्यामुळं प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी काळं प्लास्टिक चकाकत होतं, जणू तवेच तवे मांडलेले. त्याखाली आणखी खोल जाता येत नाही, हे कळल्यावरही त्यांनी कडा कोरायचं सोडलं नव्हतं. बायको म्हणाली, “पंगत कुणाची बसवायलात?”

मासे पाटीत भरले. मामा दहा-बारा पाट्या घेऊन गेले, लहान म्हणून कमी भावानं. शेवटच्या डबक्यात एकच राहिली. अंगानं वाळकी, पोट आत गेलेलं, गळा फुगलेला. धाकट्यानं ती बादलीत घेतली. बादली उन्हात ठेवून तो बसून राहिला, म्हणून मीही बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं तोंड उघडलं आणि आतून एक धुरासारखा लोट बाहेर आला. पिल्लं. जिऱ्याएवढी, डोळेच डोळे. तिच्या तोंडासमोर ती ढगासारखी एकत्र राहिली. मी नीट बघायला वाकलो, सावली पाण्यावर पडली, आणि क्षणात सगळा ढग परत तोंडात. तोंड बंद. बादलीत एक सुकी मादी, दुसरं काही नाही. मी मागं सरलो, पुन्हा ढग. पाच-सहा वेळा आम्ही हेच केलं. तोवर आईनं आतून दोनदा जेवायला हाक मारली होती.

पुढच्या पाळीला तळं भरलं. चुना मारलेलं, ऊन खाल्लेलं, निर्मळ तळं. कागदावर एक डाग नाही. बोटुकलीची पिशवी अर्धा तास तरंगू दिली, मग सोडली.

शेवटची पायरी. बादली रिकामी करून घरी आणावी. हौदाचं झाकण नीट लावावं, वर दगड ठेवावा. आई विचारील तर डासांसाठी गप्पी सोडलेत, असं सांगावं.